हळदीच्या घरात पांढरे हात

हळद शिजवायच्या दिवसांत कुरुंद्याकडच्या कुठल्याही घरात जा, पांढरे हात एकट्या जावयाचे असतात. बाकी सगळ्यांचे तळवे पिवळे, नखं पिवळी, भाकरीच्या कडासुद्धा पिवळ्या. जावयाला कोणी कामाला हात लावू देत नाही. त्यानं बाजेवर बसायचं, पुढं आलेला चहा प्यायचा, आणि कोणी विचारलं तर "बरं चाललंय" म्हणायचं. माझी लेक जन्मल्यावर मी सासुरवाडीच्या ओसरीत असाच पांढरे हात घेऊन बसलो होतो, आणि ती एका भिंतीपलीकडं होती.

बसून राहणं हा माझा धंदा नव्हे. मी सेनगाव-हिंगोली लाइनीवर जीप चालवतो. सकाळपासून हात स्टेअरिंगवर आणि तोंड चालू. "सेनगाव सेनगाव सेनगाव! मावशी, सरका की जरासं, अजून दोघं बसतेत!" माझा आवाज स्टँडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. बायको म्हणते, तुमी घरात पण स्टँडवरच असता. आणि मी माणसं बघतो ती आरशात. मागं कोण बसलंय, कोणाला मळमळायला लागलंय, कोण नवीन नवरा-नवरी आहेत आणि कोण भांडून निघालेत, ते सगळं मला डोक्यावरच्या त्या आरशात दिसतं. मान वळवून बघायची मला सवयच नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको आधीच कुरुंद्याजवळच्या तिच्या गावी जाऊन राहिली होती. एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला, दवाखान्यात नेऊन राहिलोय म्हणून. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात, मीही तसंच म्हणतो. मी भरलेल्या सवाऱ्या दुसऱ्याच्या गाडीत बसवून दिल्या आणि निघालो. एक म्हातारबा उतरताना कुरकुरले. मी म्हणालो, "बाबा, मी बाप होऊन राहिलोय!" तर ते म्हणाले, "मग काय बाळंतपण तू करणार व्हय?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि मामा उभे. आतून बायकोचा आवाज यायचा, मग यायचा नाही. आवाज यायचा तेव्हा मी दारापर्यंत जायचो आणि यायचा नाही तेव्हा दाराला कान लावायचो. शेवटी एक दुसराच आवाज आला. बारीक नाही, चांगला खणखणीत. मला तर वाटलं कोणी हॉर्न दाबला. मी खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

नर्सबाई दारात आल्या. "मुलगी झाली. बाप कोण?"

मी पुढं झालो. मागून मामा घाईनं म्हणाले, "थांबा, जावईबापू, थांबा जरा." ते कानाला फोन लावून गावच्या गुरुजींशी बोलत होते. त्यांनी वेळ सांगितली, तिकडून काहीतरी आलं, आणि मामांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मामी लेकरू घेऊन बाहेर आल्या. मामांनी त्यांना लांबूनच हाताची खूण केली. मामींनी झटकन लेकराच्या तोंडावर पदर ओढला आणि पाठ फिरवली. मला फक्त टॉवेलचा कोपरा दिसला. निळा होता.

लेक मुळावर आली होती. मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणात लेकरू जन्मलं तर ते बापाला जड जातं, असं आमच्याकडं मानतात. मग तेच नक्षत्र फिरून येईपर्यंत, म्हणजे जवळपास महिनाभर, बापानं लेकराचं तोंड बघायचं नाही. नक्षत्र आलं की शांतीची पूजा करायची, वाटीत तेल घ्यायचं आणि बापानं त्या तेलात लेकराची सावली बघायची. आधी सावली, मग समोरून. तोपर्यंत मधे भिंत.

"हे काय येड्यासारखं लावलंय?" मी म्हणालो. दवाखान्यात म्हणालो, म्हणजे किती मोठ्यानं ते समजून घ्या. मामा हात जोडायला लागले. सासऱ्यानं हात जोडले की जावयाचं काही चालत नाही. 

मी माझ्या आईला फोन लावला. म्हटलं, आई तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे मामा-मामी सांगतेत ते बराबर हाय. गुमान घरी ये. महिन्यानं जा." मी म्हणालो, "लेकराचं तोंड बघितल्याशिवाय मी येत न्हाई." ती म्हणाली, "मग बस तिथंच."

आणि मी बसलो. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. जीप अंगणात उभी होती, चावी खिशात होती. पण दोघींना घरी आणल्यावर मी ओसरीतल्या बाजेवर बसलो आणि माझ्याच हट्टात अडकलो. निघून जावं तर हरल्यासारखं, आत जावं तर दारात मामी. बाळंतिणीची खोली ओसरीला लागूनच. दाराला जुनं लुगडं लावलेलं, आत अंधार, ओव्या-शेपाची धुरी. लुगडं हललं की मी मान उंच करायचो आणि मामी आतून म्हणायच्या, "जावईबापू, तिकडं तोंड करून बसा की."

बाहेर अंगणभर हळद. शेतातून काढलेली ओली हळद वाफेवर शिजवायला भाड्याचा कुकर आला होता. ट्रॅक्टरवरचं ते धूड दिवसभर फुसफुसायचं, शिजलेली हळद खाली ओतली की वाफेचा ढग उठायचा, आणि त्या वासानं डोकं जड व्हायचं. बायका ती अंगणात पसरायच्या. मी एकदा उठून फावडं धरलं, तर मामा धावत आले. "असं कसं, असं कसं! लोकं काय म्हणतील?" फावडं काढून घेतलं आणि मला चहा आणला. तो चहा पण मला पिवळा वाटला.

मी मोबाईलवर बायकोला लिहिलं, फोटो टाक. तिनं लिहिलं, आईनं शपथ घातलीय. मी लिहिलं, फोटोला काय होतंय? मग घरात त्यावर चर्चा झाली. मामांनी गुरुजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा केला. तिकडून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच आला असावा. मग म्हणाले, "फोटोत बी तोंडच असतं की. टाळलेलं बरं." मी लांबूनच ओरडलो, "आन् आवाज?" गुरुजी म्हणाले, "आवाजाला दोष न्हाई."

त्या दिवसापासून बायको मला लेकीच्या रडण्याचे आवाज पाठवायला लागली. मी जीपमध्ये जाऊन बसायचो, काचा वर करायचो आणि ऐकायचो. पहिले दोन-तीन काय दणकेबाज होते! घशाच्या तळापासून रडायची. मी एकटाच हसायचो. म्हणायचो, बाई, तू तर स्टँडवरचीच. नाक कसं आहे, केस आहेत का, रंग कोणाचा, काही माहीत नाही, पण तो आवाज माझा होता, त्यात काही शंका नव्हती. तेच तेच परत लावायचो. उन्हात जीपचा पत्रा तापायचा आणि मी घामानं निथळत माझ्या लेकीचं रडणं ऐकत बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे.

पाचवीची पूजा झाली त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. गल्लीतल्या बायका येत होत्या, आत जात होत्या, लेकरू बघून बाहेर येत होत्या. "बापावर गेलंय हो नाक!" असं एक म्हातारी मला सांगून गेली. माझं नाक, आणि ते गल्लीनं बघितलं, मी नाही! मी उठलो आणि तरातरा दारापाशी गेलो. "मामी, सरका. मी बघणार. मला जे व्हायचं ते होऊ द्या."

मामी उंबऱ्यावर बसल्या. दोन्ही हात चौकटीला टेकवले. मला वाटलं आता रडतील, शपथा घालतील. त्या रडल्या नाहीत.

"मी बी मुळावरचीच हाय," त्या म्हणाल्या. "मी रांगत होते तवा माझा बाप विहिरीत गेला. पाय घसरला. पण पाय घसरला असं कोणी म्हणलं न्हाई. पोरीनं बापाला खाल्लं म्हणले. शाळेत म्हणले, लग्नात म्हणले. ह्या घरात आल्यावर माझी सासू मरेपर्यंत म्हणत होती. तुमी आज बघून घ्याल. आन् उद्या गाडीला काही झालं, तर लोकं रस्त्याला न्हाई म्हणणार, ड्रायव्हरला न्हाई म्हणणार. माझ्या नातीला म्हणतील."

इतके दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात दातओठ खात होतो. तो रागसुद्धा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. मी परत बाजेवर येऊन बसलो, आणि आता खरा अडकलो. गुरुजींचं मी ऐकलं नसतं. मामींचं कसं मोडू?

पुढचे आवाज जरा वेगळे यायला लागले. आधी मला कळलं नाही. रडणं लवकर संपायचं. मग नुसतं कुंईकुंई. मग एक दिवस दुपारपर्यंत काही आलंच नाही. मी भिंतीपाशी जाऊन विचारलं, "काय गं, आज आवाज न्हाई?"

आतून बायको म्हणाली, "रडतच न्हाई. लै झोपून राहिली. दूध ओढायला बी उठंना."

"गुणाची हाय," मामी म्हणाल्या. "आईला तकलीफ न्हाई देत. पहिलटकरणीला उगाच भ्या वाटतं."

बाहेरच्या बायकाही म्हणाल्या, गुणाची हाय. मला ते काही पटेना. लाइनीवर जीपमध्ये लेकरं रोज बघतो मी. रडणाऱ्या लेकराची मला भीती वाटत नाही. सगळ्या गाडीत गोंधळ चालू असताना एखादं लेकरू मान टाकून गप्प पडलेलं असलं, की मी आरशात परत परत त्याच्याकडंच बघतो.

मी मामींना म्हणालो, "तोंड नका दाखवू. पाय दाखवा."

"पाय काहून?"

"गुरुजी पायाचं काही म्हणले का? तोंडाचंच म्हणले ना? मग मला माझ्या लेकीचा पाय दाखवा."

मामी विचारात पडल्या. पायाबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं हे खरं होतं. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं लुगड्याच्या कडेनं एक गुंडाळी पुढं आली आणि त्यातून एक पाय बाहेर काढला. एवढासा! माझ्या अंगठ्याएवढा तळवा. मी त्याला हात लावला. बापा, काय मऊ होता. तो हात लावल्यावर मला काय झालं ते मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही.

मग मी बघितलं, तळवा पिवळा होता.

"मामी, हिचा पाय पिवळा काहून हाय?"

"हळदीचं घर हाय, जावईबापू. आमचे हात लागतेत. आंघोळीच्या पिठात बी हळदच असती."

बरोबरच होतं. त्या घरात उशी पिवळी होती, मांजर पिवळं होतं. मी अंगठा तोंडात घालून ओला केला आणि त्या तळव्यावर घासला. मग उजेडात धरून बघितला. अंगठा पांढराच होता. पुन्हा ओला केला, जरा जोरात घासला. काहीच लागलं नाही. आणि इतकं घासूनसुद्धा लेकरानं पाय मागं ओढला नाही.

"मामी, ही हळद न्हाई. हळद असती तर निघाली असती."

मामींनी पदराचं टोक ओलं केलं, पाय पुसला आणि पदर बघितला. पदर तर आधीच पिवळा. बोटं पिवळी. त्या नुसत्याच पदराकडं आणि पायाकडं बघत राहिल्या.

"तुमाला कसं कळंल, मामी? तुमचे हात पिवळे, पदर पिवळा. माझा अंगठा बघा. ह्या घरात एवढा एकच अंगठा हाय ज्याच्यावर कळंल."

आतून बायको ओरडली, "आई, दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं! पिवळी वाटली तर लगेच आणा म्हणून!" सगळ्यांनी ते ऐकलं होतं, सगळ्यांनी मान डोलावली होती. आणि मग हळदीच्या ढिगात आणून अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. तिथं पिवळं कोणाला कशाला वाटेल?

कुकर पेटलेला होता, मामांना सोडून येता येईना. "तुमी निघा, मी मागून येतो," म्हणाले, आणि हातातलं घमेलं तसंच धरून उभे राहिले. मी जीप दाराशी लावली. बायको लेकरू घेऊन मधल्या सीटवर बसली, शेजारी मामी. मी स्टार्टर मारला तेव्हा मामी परत उठल्या, पुढं वाकल्या, आणि कामाला डोक्याला बांधायचा त्यांचा रुमाल माझ्या आरशावर गुंडाळून गाठ मारली.

"मामी!"

"चालवा तुमी. समोर बघा."

इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण आंधळा होऊन तशी कधी चालवली नव्हती. समोर रस्ता, डोक्यावर पिवळा रुमाल, आणि मागं माझं सगळं. मी सारखं विचारत होतो, "रडली का?" बायको म्हणायची, "न्हाई." "तळव्याला टिचकी मार." "मारली." "मग?" "न्हाई." मामी मधूनच देवाचं नाव घ्यायच्या. मान वळवायला एक क्षण लागला असता. ते उंबऱ्यावरचं बोलणं माझ्या मानेवर बसलं होतं, आणि मान वळत नव्हती.

वसमत जवळ आलं आणि पुढं ट्रॉल्या लागल्या. मोंढ्यात हळद विकायला निघालेले ट्रॅक्टर, एकामागं एक, रस्ता भरून. माझ्यापुढं पोत्यांनी भरलेली ट्रॉली, बघता बघता मागं दुसरी येऊन लागली. डावीकडं नाली, उजवीकडून समोरची वाहनं. मी हॉर्न दाबला. सगळेच दाबत होते. पुढच्या ट्रॉलीवर एक माणूस पोत्यांवर आडवा पडून मोबाईल बघत होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत मोबाईलकडं. इंजिन चालू, गाडी जागेवर.

मागून बायको म्हणाली, "अहो, मान टाकलीय हिनं." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मग माझ्या खांद्यावरून एक पिवळा हात पुढं आला. मामींनी रुमालाची गाठ ओढली. गाठ निघेना, तसा त्यांनी तो हिसकून काढला आणि आरसा सरळ केला.

"बघा," त्या म्हणाल्या. "तेलात बी सावलीच बघायची असती. ही बी सावलीच. बघा, जावईबापू, मला सांगा कशी दिसून राहिली. माझ्या डोळ्याला सगळं पिवळंच दिसून राहिलंय. मला काही कळंना."

मी बघितलं. बायकोनं लेकरू उचलून धरलं होतं. एवढंसं तोंड, डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे. कपाळ, गाल, नाक, सगळं पिवळं. नाक माझंच होतं. ती म्हातारी खोटं बोलली नव्हती.

मग मात्र माझा बांध फुटला. किती दिवस तोंड दाबून बसलो होतो मी त्या ओसरीत! मी खिडकीतून अर्धा बाहेर निघालो आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला. "ए मोबाईलवाल्या! सरक म्हण तुझ्या ट्रॅक्टरला! लेकरू हाय गाडीत माझं! सरका, सरका, सरका!"

पोत्यांवरचा माणूस दचकून उठून बसला. आणि त्याच वेळी माझ्या मागं माझी लेक दचकली. हात-पाय ताठ केले आणि रडली. बारीकच, पण रडली.

"वरडा!" बायको ओरडली. "अहो, अजून वरडा! डोळे उघडून राहिली!"

काय ओरडायचं ते मला सुचेना. सवयीचं होतं तेच तोंडातून निघालं. "सेनगाव सेनगाव सेनगाव! चला हिंगोली! हिंगोली हिंगोली हिंगोली! मावशी, सरका की!" वसमतच्या रस्त्यावर, हळदीच्या ट्रॉल्यांच्या मधे, मी हिंगोलीच्या सवाऱ्या बोलवत होतो. लोकांना वाटलं हा बिघडला. पण ट्रॉलीवाल्यानं खाली उडी मारली, पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि ट्रॅक्टर एकेक करून नालीकडं झुकायला लागले. मी निघालो. लहान लेकरांच्या दवाखान्यापर्यंत मी ओरडत गेलो आणि ती मागून रडत आली. ती थांबली की मामी माझ्या खांद्यावर थाप मारायच्या, "वरडा!"

डॉक्टर म्हणाले, कावीळ बरीच वाढलीय, पण आणली ते बरं केलं. तिला निळ्या उजेडाखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. नर्सबाई मला म्हणाल्या, "या ना आत, बघा तुमच्या मुलीला." दार उघडं होतं. मामी बाजूला बाकावर बसल्या होत्या. ह्या वेळी त्या उठल्या नाहीत, आडव्या आल्या नाहीत, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी दारापर्यंत गेलो. मग परत येऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"काहून?" मामी म्हणाल्या.

"सावली बघितली. बाकी नक्षत्र आल्यावर बघू."

मामी तेव्हा रडल्या. पदर डोळ्यांना लावला आणि डोळ्यांत हळद जाऊन जास्तच रडल्या.

लेक बरी झाली. मी सेनगावला परत गेलो, लाइन सुरू केली, आणि दिवसभर आवाज ऐकले. ते परत दणकेबाज यायला लागले होते. नक्षत्र आलं तेव्हा मला बोलावलं. हळद तोवर वाळून, पॉलिश होऊन गेली होती, अंगण मोकळं होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, वाटीत तेल ओतलं. मामी माझ्या मागं लेकरू धरून उभ्या राहिल्या आणि जमलेल्या बायकांना मोठ्यानं म्हणाल्या, "पहिल्यांदाच बघून राहिलेत बरं का जावई! महिनाभर डोळा उचलून बघितलं न्हाई!" चेहऱ्यावरची रेघ हलली नाही बाईच्या. मी तेलात बघितलं. तेलापेक्षा माझ्या आरशात नीट दिसलं होतं. मग मामींनी तिला माझ्या हातात दिलं, आणि मी माझ्या लेकीला समोरून, पोटभर बघितलं. ती गोरी निघाली.

ती आता अंगणवाडीत जाते. मला साधा खोकला झाला तरी मामींचा फोन येतो. "कसं हाय अंगात? औषध घेतलं का? गाडी जपून चालवा." बायको म्हणते, आईला लेकीपेक्षा जावई लाडका. तिला वाटू दे.

लाइनीवरचे ड्रायव्हर मला चिडवतात, म्हातारा झालास काय रे, बैलगाडी घे. सवाऱ्या कटकट करतात. मी आरशात बघून हसतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबत नाही. त्यांना काय सांगू? ह्या रस्त्यावर मला काही झालं तर बोल रस्त्याला लागणार नाही, गाडीला लागणार नाही, माझ्या लेकीला लागणार आहे. जन्मभर. म्हणून मी ठरवलंय, चांगलं म्हातारं व्हायचं, खाटेवर पडायचं, आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत साध्या दुखण्यानं मरायचं. तोवर गाडी सावकाश.